परीक्षा, अभ्यासमंडळ, विभाग : मुंबई विद्यापीठाची प्रशासकीय घडण आणि मराठीचा अभ्यास

विद्यापीठांचे इतिहास आपल्याकडे बहुधा महोत्सवांच्या निमित्ताने लिहिले जातात. त्यांत कुलगुरूंची मालिका असते, देणगीदारांची नामावळी असते, वास्तूंची छायाचित्रे असतात आणि विभागांच्या स्थापनेची वर्षे परिशिष्टात दिलेली असतात. मुंबई विद्यापीठाचा शतकभराचा इतिहास १९५७ मध्ये लिहिला गेला तो एस. आर. डोंगरकेरी यांच्याकडून. त्यांनी ह्याच विद्यापीठाचे कुलसचिवपद दीर्घकाळ सांभाळले होते, आणि पुढच्याच वर्षी ते नव्या मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. प्रशासनाचा इतिहास प्रशासकानेच लिहावा हे स्वाभाविक होते. मात्र त्यामुळे एक समजूत रूढ झाली. अधिसभा, कार्यकारी मंडळ, विद्याशाखा, अभ्यासमंडळे, संलग्न महाविद्यालये ही सारी कारभाराची यंत्रणा, आणि ज्ञानव्यवहार हा तिच्या पलीकडे स्वतंत्रपणे चाललेला काही व्यापार, अशी ती समजूत होय. मराठीच्या अभ्यासापुरते पाहिले तर ती टिकत नाही. मराठी वाङ्मयाचा 'विषय' म्हणून जो आकार आज परिचित आहे, तो पुष्कळ अंशी ह्या यंत्रणेनेच घडविला आहे. आणि ज्या क्रमाने ती यंत्रणा उभी राहिली, त्या क्रमाच्या खुणा ह्या विषयावर अद्याप आहेत.

१८ जुलै १८५७ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने मुंबईत जे निर्माण झाले, ते शिकविणारे विद्यापीठ नव्हते. लंडन विद्यापीठाचा त्या काळचा नमुना समोर ठेवून १८५४ च्या वुडच्या खलित्याने कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठांची कल्पना मांडली होती. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे विद्यापीठाचे काम. शिकविणे हे त्याला जोडलेल्या संस्थांचे. कायद्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे कुलपती, कुलगुरू आणि फेलो यांचा एक निगम. पदसिद्ध फेलोंमध्ये मुख्य न्यायमूर्ती, मुंबईचे बिशप, गव्हर्नरच्या मंडळाचे सभासद, शिक्षणखात्याचे संचालक यांच्या बरोबरीने एल्फिन्स्टन कॉलेज, पूना कॉलेज आणि ग्रँट मेडिकल कॉलेज यांच्या प्राचार्यांचा उल्लेख होता. नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांच्यासारखे मोजके एतद्देशीय गृहस्थ आरंभीच्या अधिसभेत होते. नानांनी १८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी यांच्याशी मातृभाषेच्या माध्यमावरून जो वाद घातला होता, तो जणू मागील पानावरून पुढे चालू होणार होता. फक्त त्याचे स्थळ बदलले.

ह्या रचनेत 'फॅकल्टी' हा शब्द होता, परंतु आज 'विभाग' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते ते नव्हते. कला, विधी, वैद्यक आणि स्थापत्य अशा चार विद्याशाखा म्हणजे फेलोंचे चार गट. शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथालय, खोल्या यांपैकी कशाचाही त्यांच्याशी संबंध नव्हता. विद्यापीठाला स्वतःची वास्तूसुद्धा आरंभी नव्हती. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये आणि राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला, तोवर मुंबईने पदवीधरांच्या अनेक पिढ्या पाहिल्या होत्या. १८६२ मधले पहिले चार पदवीधर, म्हणजे रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक, हे शिकले ते महाविद्यालयात. विद्यापीठाने त्यांची केवळ परीक्षा घेतली. (मराठीने ह्या संस्थेचे पारिभाषिक शब्द मात्र मोठ्या थाटाचे घडविले. ज्याला हिंदी भाषक 'कुलपति' म्हणतात त्याला मराठीत 'कुलगुरू' म्हणतात. मराठीचा 'कुलपती' हिंदीत 'कुलाधिपति' होतो. गुरुकुलाची छाया असलेले हे शब्द एका परीक्षामंडळाला लावले गेले, ही विसंगती सहसा कुणाला खटकलेली दिसत नाही.)

परीक्षा हेच विद्यापीठाचे सर्वस्व असेल, तर एखाद्या भाषेचे विद्यापीठातील अस्तित्व म्हणजे परीक्षेच्या नियमातील एक ओळ. ती ओळ ठरावाने येते व ठरावाने जाते. मराठीच्या बाबतीत हे लवकरच घडले. आरंभी देशी भाषांना परीक्षांत स्थान होते. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून त्या वगळल्या गेल्या आणि त्यांची जागा संस्कृत, लॅटिन आदी अभिजात भाषांनी घेतली. प्रवेश परीक्षेपुरती देशी भाषांची सोय उरली. ह्या बदलासाठी कोणताही विभाग बंद करावा लागला नाही, कोणा अध्यापकाला कमी करावे लागले नाही. असे काही नव्हतेच. हा काळ सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या प्रभावाचा. एल्फिन्स्टनचे प्राचार्य, विद्यापीठाचे कुलगुरू आणि नंतर शिक्षणखात्याचे संचालक अशी पदे त्यांनी ह्याच दशकात भूषविली. मुंबई इलाख्यात १८६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या देशी भाषांतील ग्रंथांची सूची त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. एका हाताने ग्रंथांची मोजदाद चालली होती आणि दुसऱ्या हाताने त्या ग्रंथांची भाषा अभ्यासक्रमातून वजा होत होती. ग्रँट यांच्यावर द्वेषबुद्धीचा आरोप करण्याचे कारण नाही. ज्या भाषेचे 'अभिजात' म्हणावे असे ग्रंथ निश्चित झालेले नाहीत, तिच्यात प्रश्नपत्रिका काढणे अवघड, ही परीक्षकाच्या भूमिकेतून येणारी अडचण त्यामागे होती. पण परीक्षकाची अडचण हा ज्ञानाचा निकष ठरला, हेच ह्या रचनेचे वैशिष्ट्य.

यानंतरची तीन-साडेतीन दशके मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कोणती, हे पाहण्यासारखे आहे. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ मध्ये सुरू झाले, 'निबंधमाला' १८७४ मध्ये, 'काव्येतिहाससंग्रह' १८७८ मध्ये. हरिभाऊ आपटे यांच्या प्रमुख कादंबऱ्यांचा आरंभ ह्याच काळातला. वामन दाजी ओक यांच्या 'काव्यसंग्रहा'ने १८९० पासून प्राचीन कवितेच्या पोथ्या छापील रूपात आणल्या. म्हणजे आधुनिक मराठी टीका, ग्रंथपरीक्षण, पाठचिकित्सा आणि वाङ्मयेतिहासाची सामग्री ही सर्व विद्यापीठाने मराठीकडे पाठ फिरविलेली असताना, नियतकालिकांच्या व छापखान्यांच्या आश्रयाने वाढली. ही वाढ करणारे पुष्कळजण विद्यापीठाचेच पदवीधर होते, हे खरे; पण मराठी ते विद्यापीठात शिकले नव्हते. मराठी समीक्षेत पुढे दीर्घकाळ दिसणारा नियतकालिकी बाणा, वाचकाला थेट संबोधण्याची सवय आणि वादप्रियता यांचे मूळ ह्या परिस्थितीत शोधावे लागेल. उलट, विद्यापीठाच्या अंगणात भाषाभ्यास झाला तो व्याख्यानमालेच्या रूपाने. जॉन विल्सन यांच्या नावाने स्थापन झालेल्या भाषाशास्त्रविषयक व्याख्यानमालेत रा. गो. भांडारकरांनी १८७७ मध्ये संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्याने दिली. ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली ती १९१४ मध्ये. व्याख्यानाला अध्यासन नाही, अध्यासनाला विभाग नाही. त्यामुळे भांडारकरांच्या विवेचनातून मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाची परंपरा त्या वेळीच उभी राहू शकली असती, ती राहिली नाही.

मराठीचा पुनःप्रवेश १९०१ मध्ये झाला आणि त्यामागे न्यायमूर्ती रानडे यांचे अधिसभेतील चिकाटीचे प्रयत्न होते. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचे १८९८ मधील इंग्रजी टिपण पुष्कळदा वाङ्मयेतिहासाचा प्रारंभिक प्रयत्न म्हणून वाचले जाते. ते मूलतः प्रशासकीय युक्तिवाद आहे, ही गोष्ट दुर्लक्षिली जाते. परीक्षेला लावता येईल इतके आणि असे वाङ्मय मराठीत आहे काय, ह्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. म्हणूनच त्यात ग्रंथांची संख्या, विषयवार वर्गवारी, गद्य-पद्याचे प्रमाण यांना इतके महत्त्व आले. वाङ्मयाचा इतिहास हा ग्रंथसंख्येचा आणि विषयवारीचा इतिहास होतो, ह्या तक्रारीची पाळेमुळे इतक्या मागे जातात. रानड्यांचे निधन १६ जानेवारी १९०१ रोजी झाले, आणि त्याच वर्षी एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला.

हा प्रवेश वरच्या टोकाने झाला, हे लक्षात घ्यावयास हवे. ज्या भाषेला बी. ए. ला पूर्ण विषय म्हणून स्थान नाही, ती एम. ए. ला आली. खालच्या पायऱ्या पुढील दोन-तीन दशकांत हळूहळू बांधल्या गेल्या. एम. ए. लाही ती स्वतंत्रपणे नव्हे, इंग्रजीसारख्या भाषेच्या जोडीने घ्यावयाची असे. मराठीच्या प्राध्यापकांची एक संपूर्ण पिढी संस्कृत किंवा इंग्रजी वाङ्मयात मुरलेली होती, त्याचे कारण केवळ त्या व्यक्तींच्या रुचीत नाही. मराठी शिकविण्यासाठी मराठीचेच शिक्षण घेतलेला माणूस मिळणे नियमांनीच दुरापास्त केले होते. एका बाजूने रससिद्धान्त आणि दुसऱ्या बाजूने ॲरिस्टॉटल-ब्रॅडले यांच्यामध्ये मराठी काव्यविचार जो हेलकावे खात राहिला, त्याची एक चौकट ह्या विषयजोड्यांनी पुरविली होती. रा. श्री. जोग यांचे 'अभिनव काव्यप्रकाश' (१९३०) आणि द. के. केळकर यांचे 'काव्यालोचन' (१९३१) ही पुस्तके वर्षभराच्या अंतराने यावीत आणि विद्यार्थ्यांच्या हाती वर्षानुवर्षे राहावीत, हा नुसता वैचारिक योगायोग नव्हे.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याकडे राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात सरकारी नियंत्रणाचे हत्यार म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. फेलोंची संख्या शंभरापर्यंत मर्यादित झाली, तहहयात फेलोपद जाऊन पाच वर्षांची मुदत आली, बहुसंख्य फेलो कुलपतीने नेमावयाचे ठरले, संलग्न महाविद्यालयांची तपासणी सुरू झाली. मात्र वाङ्मयाच्या दृष्टीने ह्या कायद्याच्या चौकटीत स्थिरावलेली गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे अभ्यासमंडळ. विषयाचा अभ्यासक्रम सुचविणे, पुस्तके नेमणे, परीक्षकांच्या नावांची शिफारस करणे ही कामे ह्या लहानशा मंडळाकडे आली. त्याच्या सभा वर्षातून मोजक्या होत. त्याचे सभासद निरनिराळ्या महाविद्यालयांतून येत आणि आपापल्या गावी परत जात. त्यांच्यापुढे विद्यार्थी नसे; असे ते कार्यपत्रिका आणि मागील वर्षी नेमलेल्या पुस्तकांची यादी. मराठी वाङ्मयाचा सर्वाधिक वाचला गेलेला इतिहास ह्या यादीने लिहिला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. कोणता संत कवी 'निवडक' रूपात येईल, पंडित कवींपैकी कोणाचे कोणते आख्यान लागेल, बखर गद्याचा नमुना म्हणून वाचली जाईल की इतिहासाचे साधन म्हणून, कादंबरीची 'प्रातिनिधिक' उदाहरणे कोणती, हे तेथे ठरले. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या 'नवनीता'ने १८५४ पासून वेच्यांची जी वहिवाट पाडली होती, तिला अभ्यासमंडळाने नियमाचे रूप दिले. नेमलेल्या पुस्तकाला खात्रीचा खप मिळत असल्याने प्रकाशकांचा व्यवहारही ह्या यादीभोवती फिरू लागला, आणि सटीप आवृत्ती व मार्गदर्शिका हे दोन वाङ्मयप्रकार तिच्याच पोटी जन्मले. पाठ्यपुस्तकांची टिंगल करणाऱ्या समीक्षकांपैकी किती जणांनी स्वतः अशा आवृत्त्या सिद्ध केल्या, याची गणना करण्याचे धाडस कोणी केलेले नाही.

प्रश्नपत्रिकांची विभागणीही येथलीच. प्राचीन-अर्वाचीन, गद्य-पद्य, पुढे 'वाङ्मयप्रकार', 'लेखकाचा विशेष अभ्यास', 'साहित्यशास्त्र', 'भाषाविज्ञान' हे कप्पे शंभर गुणांच्या प्रश्नपत्रिकेच्या मापाने शिवलेले आहेत. ज्या लेखनाला एकाही कप्प्यात जागा नव्हती, ते अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिले. सत्यशोधकी जलसे आणि पुस्तिका, लावणीचा मोठा भाग, ख्रिस्ती व मुसलमान मराठी लेखन यांची उपेक्षा केवळ अभिरुचीच्या किंवा जातिवर्गाच्या पूर्वग्रहाने झाली असे सांगितले जाते. पूर्वग्रह होताच, पण तो कोणत्या मार्गाने अमलात आला, हे समजण्यासाठी अभ्यासमंडळाचे इतिवृत्त वाचावे लागते.

विद्यापीठाने स्वतः शिकवावे हा विचार मुंबईत पहिल्या महायुद्धानंतर मूर्त झाला. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांची नेमणूक होऊन समाजशास्त्राचा पाया घातला गेला. १९२४ मध्ये गो. स. घुर्ये त्या विभागाचे प्रमुख झाले. १९२८ च्या कायद्याने विद्यापरिषद आली. रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग १९३३ मध्ये सुरू झाला; त्यामागे गिरण्यांच्या मुंबईची गरज होती. मराठीसाठी मात्र महाविद्यालयांतील प्राध्यापकांची आंतरमहाविद्यालयीन व्याख्याने हीच व्यवस्था चालू राहिली. कलकत्त्याशी तुलना येथे उपयुक्त आहे. तेथे देशी भाषांची एम. ए. परीक्षा आली ती १९१९ मध्ये, मुंबईनंतर अठरा वर्षांनी. परंतु आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने तिच्याबरोबरच अध्यापनाची व्यवस्थाही विद्यापीठात उभी राहिली आणि दिनेशचंद्र सेन यांच्यासारखा संशोधक तिच्या प्रमुखपदी आला. मुंबईत परीक्षा होती आणि विभाग नव्हता. वुडच्या खलित्यातच विधी व स्थापत्य यांच्या बरोबरीने देशी भाषांसाठी प्राध्यापकपदे निर्माण करण्याची सूचना होती. तिच्याकडे मुंबईने जवळजवळ एक शतकाहून अधिक काळ लक्ष दिले नाही.

ह्या पोकळीत जे घडले ते विद्यापीठाच्या कडेला किंवा बाहेर घडले. धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने १९१६ मध्ये सरकारी मान्यतेशिवाय मातृभाषेच्या माध्यमातून उच्च शिक्षण सुरू केले आणि पदव्यांना 'गृहीतागमा', 'प्रदेयागमा' अशी नावे दिली. त्याला कायद्याची मान्यता मिळाली १९५१ मध्ये. राजवाडे यांचे संशोधन भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परिसरात चालले. मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये माधव त्र्यंबक पटवर्धन यांना 'छंदोरचने'साठी डी. लिट्. दिली, मराठी विषयातील ही पहिली डी. लिट्. पटवर्धन व्यवसायाने फार्सीचे प्राध्यापक म्हणून वाढले. ज्या ग्रंथाने मराठी छंदःशास्त्राला शास्त्राची शिस्त दिली, त्याला पदवी देणारे विद्यापीठ होते, पण तो ज्यात लिहिला जावा असा विभाग त्या विद्यापीठात नव्हता.

डेक्कन कॉलेजची कथा अधिक बोलकी आहे. पूना कॉलेज म्हणून १८५७ च्या कायद्यात ज्याचा निर्देश होता, ते हे महाविद्यालय सरकारने काटकसरीच्या नावाखाली १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. कात्रे, सांकलिया, इरावती कर्वे, शेजवलकर यांच्या कामगिरीने ह्या संस्थेत भाषाशास्त्र, पुरातत्त्व, समाजशास्त्र आणि मराठ्यांचा इतिहास यांना घर मिळाले. मराठी वाङ्मयाला त्यात स्वतंत्र खोली मिळाली नाही. मराठी भाषेचा आणि मराठी वाङ्मयाचा अभ्यास हे दोन वेगळ्या पत्त्यांवर चालणारे उद्योग झाले, त्यामागे ही संस्थात्मक फाळणी आहे. कालेलकर आणि अशोक केळकर यांच्या लेखनाविषयी मराठीच्या प्राध्यापकवर्गात जो आदरयुक्त दुरावा दीर्घकाळ राहिला, त्याचे स्पष्टीकरण केवळ त्या लेखनाच्या अवघडपणात शोधणे पुरेसे नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र आक्रसत गेले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅ. जयकर त्याचे पहिले कुलगुरू. आरंभी बारा जिल्हे त्याच्या कक्षेत होते. गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठे त्याच सुमारास वेगळी झाली, १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आले. नागपूर १९२३ पासून निराळे होतेच. नव्या विद्यापीठांना 'विभाग' ही कल्पना जन्मतःच मिळाली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्रदेशाने तोवर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची उर्दू माध्यमाची राजवट अनुभवली होती. तेथे वा. ल. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विभाग उभा राहिला. एकशेदहा वर्षे परीक्षा घेणाऱ्या मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा मराठी विभाग सुरू होण्यास १९६० च्या दशकाची अखेर उजाडली, आणि त्याच्या प्रमुखपदी आले तेही औरंगाबादहून वा. ल. च. थोरल्या विद्यापीठाने धाकट्याकडून विभाग शिकून घ्यावा, असा हा प्रकार होता.

औरंगाबादच्या संदर्भात दुसरी एक गोष्ट नोंदवावयास हवी. संलग्न महाविद्यालय हे प्रशासनाच्या परिभाषेत विद्यापीठाचे दुय्यम अंग. परंतु पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयाने ही उतरंड उलटी केली. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये स्थापन केलेले हे महाविद्यालय आधी उस्मानियाला आणि नंतर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेले होते. प्राचार्य म. ना. वानखडे, तेथे अध्यापन करणारे गंगाधर पानतावणे आणि त्यांचे 'अस्मितादर्श' यांच्या भोवती दलित साहित्याची चर्चा संघटित झाली, ती कोणत्याही अभ्यासमंडळाच्या ठरावाने नव्हे. पानतावणे पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात गेले, आणि 'दलित साहित्य' ही प्रश्नपत्रिका झाली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. तो अमलात यावयास १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधली सोळा वर्षे मराठवाड्यात जे भोगले गेले, त्यावरून विद्यापीठाचे नाव ही कार्यालयीन बाब आहे असे म्हणण्याचे धैर्य कोणी करू नये. वाङ्मयाच्या दृष्टीने प्रश्न असा की, परिघावर जन्मलेले लेखन प्रश्नपत्रिकेत आले म्हणजे काय होते? ते अभ्यासले जाते, हे खरे. त्याच वेळी 'ग्रामीण', 'दलित', 'आदिवासी', 'स्त्रीवादी' असे नवे कप्पे जुन्या कप्प्यांच्या शेजारी ठेवले जातात आणि 'मराठी साहित्य' नावाचा मधला कप्पा जागचा हलत नाही. पर्याय वाढविणे प्रशासनाला सोयीचे असते. मूळ यादी मोडणे गैरसोयीचे.

१९७४, १९९४ आणि २०१६ ह्या तीन कायद्यांनी मंडळांची नावे आणि घटना बदलल्या. सिंडिकेटचे कार्यकारी परिषद, तिचे व्यवस्थापन परिषद असे रूपांतर झाले. १९९४ च्या कायद्याने राज्यातील विद्यापीठांना एकाच साच्यात आणले. २०१६ च्या कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या, आणि मराठी 'मानव्यविद्या' ह्या मोठ्या छत्राखाली गेली. अधिष्ठाता निवडणुकीऐवजी नियुक्तीने येऊ लागला. अभ्यासमंडळांच्या निवडणुकांतील गटबाजीचे समर्थन कोणी करणार नाही. पण निवडणूक होती तोवर मराठीच्या तालुक्याच्या गावातील प्राध्यापकालाही अभ्यासक्रमाच्या टेबलापाशी पोचण्याची एक वाट होती, आणि ती अरुंद झाली, ही नोंद व्हावयास हवी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे ठरविले. तत्पूर्वीच, २०१९ मध्ये, मुंबईत डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ अस्तित्वात आले, आणि ज्याच्या प्राचार्याचे पद १८५७ च्या कायद्यात नावानिशी नोंदविले होते ते एल्फिन्स्टन महाविद्यालय मुंबई विद्यापीठाच्या संलग्नतेतून बाहेर पडून त्याचे घटक झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. जो शब्द पुढे करून १८६० च्या दशकात मराठीला वरच्या परीक्षांतून काढले गेले, तोच हा शब्द. महानुभावांच्या रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. तेथे विभाग आधी आले की प्रश्नपत्रिका, आणि त्यांची यादी कोणत्या मंडळाच्या कार्यपत्रिकेवर प्रथम लिहिली गेली, हे पुढच्या अभ्यासकाला तेथल्या इतिवृत्तांत पाहता येईल.